कोरडं विमान आणि येळवशीची आंबील

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवतो, आणि ती पूर्ण शुद्धीत नोंदवतो. पुण्याहून नांदेडला जाणाऱ्या विमानात टोमॅटोच्या रसाचं जे खोकं मिळतं, त्याला चिकटवलेली कागदी नळी त्या खोक्यात शिरत नाही. जिथं शिरावं तिथं चंदेरी कागदाचा एक ठिपका असतो. नळीचं टोक त्यावर टेकवलं की ते मान खाली घालतं. दुसऱ्यांदा टेकवलं की नळी कमरेत वाकते. तिसऱ्या खेपेला तिचा लगदा होतो आणि शेजारचे प्रवासी आपल्याकडे, लहान मुलाच्या बुटाची नाडी बांधावी की नाही अशा नजरेनं बघू लागतात. पंचावन्न मिनिटांच्या प्रवासातली नऊ मिनिटं मी या कामी वेचली. पर्यावरणाला माझा पाठिंबा आहे. पण पर्यावरणानंही माझ्या वयाचा थोडा विचार करावा.

ही तक्रार क्षुल्लक वाटेल. पण जुन्या वाचकांना तिची मुळं ठाऊक आहेत. वर्षभरापूर्वी याच ब्लॉगवर मी एक लेख लिहिला होता. मागणी साधी होती: देशांतर्गत विमानात दारू विकू द्या. माझं म्हणणं असं की, विमानतळावर गेटापाशी बार असतो, तो चालतो. सामानात, विमानाच्या पोटात, सीलबंद बाटली प्रवास करते, ती चालते. तेच विमान देशाची हद्द ओलांडून गेलं की त्याच खुर्चीत त्याच माणसाला ट्रॉली ढकलत आणून देतात, तेही चालतं. म्हणजे भारतीय माणूस सज्ञान होतो तो हद्दीपलीकडे. तोवर त्यानं टोमॅटो चोखावा. लेख गाजला. म्हणजे माझ्या मापानं गाजला. सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा फिरला आणि दुसऱ्यांदा माझं नाव काढून फिरला.

लेखाखाली बऱ्याच टिप्पण्या आल्या. त्यात एक माझ्या मेहुण्याची, बसवराजची होती. ‘दाजी, लेख आवडला. एक प्रश्न होता. भेटल्यावर विचारतो.’ मी त्यावर अंगठा दाखवून मोकळा झालो.

आता बसवराजबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा प्रवास त्याच्यामुळे घडला. माझ्या बायकोचा, उमाचा, तो धाकटा भाऊ. लातुरात त्याचं पाइप, पाण्याच्या टाक्या आणि मोटारींचं दुकान आहे. गाव रेणापूरच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून चार किलोमीटर आत. तिथं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि सगळ्यात धाकटा भाऊ सोमनाथ राहतात. घर लिंगायत, कडक शाकाहारी, आणि दारूचं नाव काढायची सोय नाही. त्या घरात बसवराज दहा वर्षं पीत होता. गेलं दीड वर्ष त्याची बंद आहे. तीन महिन्यांतून एकदा तो पुण्याला डॉक्टरांना दाखवायला येतो. यंदा त्याची तारीख नेमकी येळवशीच्या दोन दिवस आधी आली. उमा आठवडाभर आधीच माहेरी गेली होती. मी त्याला म्हणालो, परतीचं तिकीट मी काढतो, तुला विमानात बसवतो. तिकीट अडीच हजारांच्या आसपास पडलं. सणाच्या तोंडावर हे स्वस्तच म्हणायचं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. डिसेंबर-जानेवारीत येते आणि आमच्या त्या भागाबाहेर ती फारशी कुणाला ठाऊक नसते. ज्वारी पोटरीला आलेली, हरभरा घाट्यांवर, करडई काटे काढून उभी. अशा वेळी अख्खा लातूर जिल्हा शेतात जेवायला जातो. त्या जेवणात मानाची असते ती आंबील: ताकात ज्वारीचं पीठ कालवून, मुरवून, लसूण वाटून केलेलं आंबट पेय. ती मातीच्या बिंदगीत, म्हणजे अरुंद तोंडाच्या मडक्यात, भरतात. घरचा कर्ता खांद्यावर घोंगडं टाकून, अनवाणी, ती बिंदगी डोक्यावर घेऊन घरापासून शेतापर्यंत चालत जातो. आंबील सांडायची नसते. एवढंच. पण एवढंच ज्याच्याकडे आहे, तो घरचा कर्ता.

वडील गेल्यापासून बिंदगी बसवराजच्या डोक्यावर होती. दोन वर्षांपूर्वीच्या येळवशीला बांध ओलांडताना तो पडला. बिंदगी फुटली, आंबील हरभऱ्यात गेली, आणि सकाळी नऊ वाजता त्याच्या तोंडाला वास येत होता. आदल्या दिवशी त्यानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून आईपुढं शपथ घेतली होती. सासूबाई वळल्या आणि घरी गेल्या. गेल्या वर्षी बिंदगी सोमनाथच्या डोक्यावर होती. यंदा कुणाच्या, हे कुणी विचारत नव्हतं. म्हणजे सगळे तेवढंच विचारत होते.

मी गेल्या वर्षी गेलो नव्हतो. कामाचं निमित्त सांगितलं. खरं कारण पुढे येईल. आधी विमानाचं सांगतो.

विमान छोटं, दोन-दोन खुर्च्यांचं. बसवराजला खिडकी दिली. पट्टा त्यानं एकदाच बघून लावला; पंपाची क्लॅम्प लावणाऱ्या माणसाला काय शिकवायचं? उडताना डोळे मिटून गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि वर गेल्यावर म्हणाला, “दाजी, पाण्याच्या टाक्या बगा किती दिसलाल्यात. अर्ध्या माझ्या दुकानातल्या असतील.”

समोरच्या रांगेत मुखेडचे एक गुत्तेदार बसले होते. रस्त्यांची कामं घेणारे. हे मला कसं कळलं, तर निघण्याआधी त्यांनी फोनवर साऱ्या विमानाला कळवलं होतं. विमानतळावर त्यांचं थोडं झालेलं होतं. हवाई सुंदरी ट्रॉली घेऊन आली तेव्हा ते पुढे झुकले.

“मॅडम, कुछ कडक है क्या?”

“चाय है सर. कडक बना दूँ?”

“अरे, वो वाला कडक.”

“ग्रीन टी भी है सर.”

मी मनातल्या मनात टाळी दिली. पण गुत्तेदारांनी घंटी तीनदा वाजवली. पैसे दुप्पट देतो म्हणाले. आपली ओळख कुठवर आहे ते सांगितलं. मग हात हलवताना शेंगदाण्याची पुडी सांडली आणि ती मुलगी वाटेत उकिडवी बसून एकेक दाणा वेचू लागली. तोंडावर हसू होतं, डोळे घड्याळाकडे. पंचविशीची असेल. माझ्या लेखात सरकार होतं, कंपनी होती, नागरिकाचं स्वातंत्र्य होतं. ही नव्हती. पुण्याला बसलेल्या माणसानं स्वातंत्र्याबद्दल लिहिलं की दाणे कोण वेचणार हा तपशील राहून जातो.

याच सुमारास माझी नळी तिसऱ्यांदा वाकली. बसवराजनं खोकं माझ्या हातातून घेतलं, खिशातून दुकानाची किल्ली काढली, ठिपक्यावर एकदा टेकवली, टक् करून भोक पाडलं आणि स्वतःच्या खोक्याची कोरी नळी त्यात खोवून दिली.

“तुझं?”

“मला नकोच हाय, दाजी. लाल पाणी हाय त्ये.” मग तो थोडा थांबून म्हणाला, “तुमचा त्यो लेख वाचला बरं का. झकास लिवलाय. हसून हसून पोट दुखलं. दुकानात गिऱ्हाइकाला बी वाचून दावला.”

“प्रश्न होता म्हणाला होतास.”

“हाव.” त्यानं खिडकीकडं तोंड केलं. “आता असं बगा. सकाळी दुकान उघडलं की शेजारचा इचारतो, बसवअप्पा, सांजच्याला? लग्नात गेलं, इचारतेत. मयतीवरनं येताना बी इचारतेत, लई दुख झालं म्हणून. सोयाबीनला भाव आला, इचारतेत. भाव पडला, तरी इचारतेत. न्हाई म्हणलं की म्हणतेत, मोठा साधू झालास. दिवसातनं धा-बारा डाव न्हाई म्हणावं लागतंय. पयलं न्हाई सोपं जातंय, दाजी. बारावं जड जातंय.”

मी रस प्यायचा थांबलो होतो.

“आन हितं बसल्यापासनं त्या ताईनं चहा इचारला, पाणी इचारलं, तुमचं लाल पाणी इचारलं. त्ये इचारलंच न्हाई. न्हाई म्हणायचं कामच पडलं न्हाई. असं लई दिसांनी झालं.” मग तो माझ्याकडे वळला. आवाजात टोमणा नव्हता, खरोखर विचारत होता. “ह्यी पंचावन्न मिन्टं बी इकायला काढावी म्हणता का तुम्ही?”

माझ्याकडे या विषयावर बाराशे शब्द छापून तयार होते. मी नळी तोंडात घातली.

उतरताना दारात त्यानं त्या मुलीला हात जोडले. “ताई, लई आभारी हाव.” ती गोंधळली. टोमॅटोच्या रसाबद्दल इतकी कृतज्ञता तिनं बघितली नसावी.

आता ज्यांना या वाटेनं जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. नांदेडच्या विमानतळाहून बस स्थानकाला रिक्षा सहज मिळते. रिक्षावाला दीडशे म्हणाला, बसवराजनं त्याच्या मामाचं गाव विचारलं आणि शंभरात आणलं. स्थानकाबाहेर सुशीला खा. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी घातलेला नाश्ता. पोह्यांची ही चुलत बहीण मराठवाडा सोडून फारशी कुठं जात नाही. तीस रुपयांत ताटलीभर, वर शेव, बाजूला तळलेली मिरची. लातूरची एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत चार तास घेते. रस्ता आता बरा आहे. मी या रस्त्यावर पूर्वी पाठीचे मणके मोजलेले आहेत, म्हणून ‘बरा’ हा शब्द मी आदरानं वापरतोय. अहमदपूरला बस दहा मिनिटं थांबते. कंडक्टर “पंधरा मिनिटं” म्हणतो आणि आठव्या मिनिटाला डबल बेल देतो, तेव्हा चहा उभ्यानंच घ्या.

दुसरी महत्त्वाची गोष्ट: येळवशीला पोचायचं तर आदल्या दिवशी पोचा. सणाच्या दिवशी लातूर शहर बंद असतं. शटर खाली, रस्ते मोकळे, हॉटेलात जेवण नाही. मात्र उपाशी राहाल असं समजू नका. कुठल्याही शेताच्या बांधावरून चालायला लागा. हाक येतेच. पत्रिका लागत नाही, ओळख लागत नाही, तुम्ही कुणाचे कोण हे दुसऱ्या वाढपानंतर विचारतात.

आम्ही गावात पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. उमा आणि भावजया भज्जीसाठी वाल, तुरीचे दाणे, वाटाणे सोलत बसल्या होत्या. भज्जी म्हणजे हिवाळ्यातल्या सगळ्या शेंगा-पाल्यांचा बेसनात शिजवलेला मेळा. ओट्यावर कोरी बिंदगी पालथी घातलेली होती. बसवराजनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बॅग ठेवायला आत गेला. सोमनाथनंही पाहिलं, आणि उगाच गोठ्याकडे गेला. बिंदगीनं या घरात दोन भावांचं एकमेकांकडे बघणं बंद केलं होतं.

कल्याणकाका मात्र थेट माझ्याकडे आले. हे सासऱ्यांचे चुलतभाऊ, सत्तरीचे, आणि माझ्या बॅगेचे जुने भक्त.

“जावईबापू, बॅग जड दिसंना यंदा?”

“यंदा नुसते कपडे आहेत, काका.”

“नुसते कपडे?” काकांचा चेहरा असा झाला, जणू मी लग्नाला नवरदेवाशिवाय वरात आणली. “आवं, येवढ्या लांबून कपडे आणलाव व्हय? कपडे लातुरात मिळतेत की.”

आता ते खरं कारण. दरवर्षी मी पुण्याहून बाटल्या न्यायचो. घरात कळू नये म्हणून गाडी गोठ्यामागे लावायची आणि डिकीत मैफल भरवायची, हा माझाच शोध. त्या येळवशीच्या सकाळी बसवराजला हाक मारणारा मीच. तो नाही म्हणाला. शपथ घेतलीय म्हणाला. मी म्हणालो, थंडी आहे, एकानं काय होतं. तो दुसऱ्यांदा नाही म्हणाला. मी हसलो आणि ग्लास त्याच्या हातात दिला. मग मीच दुसरा भरला. तासाभरानं तो बांधावर पडला तेव्हा मी पंधरा पावलं मागे होतो, आणि सगळे त्याच्याकडे बघत असताना मी माझ्या मोबाइलकडे बघत होतो. माझं नाव कुठंच आलं नाही. मीही ते कुठं पुढे केलं नाही.

येळवशीच्या दिवशी पहाटे उठलो. सासूबाई चुलीपाशी होत्या. आंबील भरून झाली होती. बिंदगीच्या गळ्याला चुना-कुंकवाची बोटं ओढलेली, आणि त्या तोंडावर फडकं बांधत होत्या.

“जावईबापू, तुमी इतक्या लौकर? च्या ठिवू का?”

“नको मामी. एक सांगायचं होतं.” “त्या वर्षी बसवराजला ती मी दिली. तो दोनदा नाही म्हणाला होता.”

त्यांनी मान वर केली नाही. गाठ मारली, ओढून बघितली, सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली.

“ठावं हाय.”

“कसं?”

“गोठ्यामागली बाटली मीच उचलली की. तिच्यावर पुण्याच्या दुकानाची चिठ्ठी. त्या महिन्यात बसवराज पुण्याला कवा गेल्ता?”

“मग मला काही बोलला नाहीत.”

“जावयाला काय बोलावं?” त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, जसं चुलीत लाकूड सारावं. “लग्नात पाय धुतलेत तुमचे. पोटच्याला बोलता येतंय.”

“पण मग त्याच्यावर अन्याय झाला, मामी.”

“कामून?” आता त्यांनी वर बघितलं. “शपथ तुमी घेतल्ती का त्यानं? मोडली त्यानं. त्याचं त्याच्यापाशी. तुमचं तुमच्यापाशी.” फुंकणी उचलून त्यांनी दोन फुंकरा मारल्या. “दोन सालं बोलायला लागली तुमाला. त्यानं तर एक डाव बी तुमचं नाव घेतलं न्हाई. मी इचारलं होतं.”

बाहेर ट्रॅक्टरची ट्रॉली लागल्याचा आवाज झाला. त्यांनी बिंदगी दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्यापुढं धरली.

“येळ होऊन राहिलाय. न्हेऊन द्या त्याला.”

“कुणाला? सोमनाथला?”

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की लग्नात धुतलेले माझे पाय मला आखडून घ्यावेसे वाटले.

“लेख लिवता म्हणं तुमी,” त्या म्हणाल्या. “येवढं बी कळंना का?”

बिंदगी जड असते. ओल्या मातीचा गारवा छातीला लागतो आणि आत आंबील हलते ते हातांना कळतं. मी ती घेऊन उंबरा ओलांडला. अंगणात सोमनाथ खांद्यावर घोंगडं टाकून तयार उभा होता. बसवराज ट्रॉलीत पातेली चढवत होता, पाठमोरा, जरा जास्तच मन लावून. सोमनाथनं माझ्या हातातली बिंदगी पाहिली, मग दारात उभ्या आईला पाहिलं. त्यानं घोंगडं उतरवलं, ट्रॉलीपाशी गेला आणि भावाच्या खांद्यावर टाकलं.

“घे अण्णा. माझी मान दुखून राहिली गेल्या सालापासनं.”

बसवराज वळला. मी बिंदगी पुढं केली. दोन वर्षांपूर्वी ग्लास दिला होता तेच हात होते. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी पहिल्यांदाच मोबाइलकडे न बघता बघू दिलं. मग त्यानं चपला काढल्या, डोक्यावर चुंबळ ठेवली, बिंदगी घेतली आणि चालू लागला.

चपला अंगणात राहिल्या. मी त्या उचलल्या.

“आवं जावईबापू,” कल्याणकाका हादरले, “मेव्हण्याच्या चपला कामून उचलता? पोरं हायत की!”

“येताना लागतील त्याला,” मी म्हणालो. “परतीला काटे असतात.”

शेत दीड किलोमीटर. पुढे बसवराज, मागं सगळी वरात. तो बांध आला तसं बोलणं आपोआप थांबलं. बसवराजनं उजवा पाय पुढे टाकून माती चाचपली, मागे घेतला, चार बोटं डावीकडं टाकला. बिंदगीतली आंबील एकदा डचमळली. फडक्याला ओल दिसली. मग दुसरा पाय. मग तो पलीकडे होता आणि चालत होता. उमानं तेवढं पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि मला दटावलं, “वर काय बघताय, खाली बघून चाला, तुम्हीच पडाल.”

कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांची पूजा झाली, शेताला आंबील शिंपडली, पंगती बसल्या. भज्जी, ज्वारीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, शेंगांची चटणी, आणि तांब्यानं वाढलेली गार आंबील. मी काय जेवलो याचं वर्णन करत नाही. शर्टाची दोन बटणं साक्षीला आहेत. बांधावरून जाणारे उदगीरचे दोन मोटारसायकलवाले हाकेसरशी येऊन बसले आणि सासूबाईंनी त्यांना माझ्याआधी खीर वाढली.

दुपारी पुरुषमंडळी कडब्याच्या गंजीमागे सरकू लागली. माझी बॅग कोरडी असली तरी जिल्हा कोरडा नव्हता. काकांनी सोय केली होती. तिकडून हाक आली.

“बसव्या, ये की रं! सणाचं येवढं चालतंय! आज तर मान बी मिळाला!”

सासूबाई खरकटी भांडी गोळा करत होत्या. त्यांचे हात चालू राहिले, पण आवाज बंद झाला. बसवराज उठला. आंबिलीचा तांब्या उचलला आणि गंजीमागे गेला.

मी बसून राहिलो नाही. गंजीला वळसा घालून बघितलं. काकांच्या हातात स्टीलचा रिकामा ग्लास होता. बसवराजनं त्यात आंबील ओतली, अगदी काठोकाठ.

“काका, ग्लास भरलाय बगा. दुसरं काय घालायला जागा न्हाई. रिकामा झाला की हाक मारा, हितंच हाव.”

काका ग्लास खाली ठेवू शकत नव्हते. येळवशीची आंबील खाली ठेवत नसतात. प्यायले. बसवराजनं पुन्हा भरला. असे चार झाले. पाचव्याला काकांनी हात जोडले आणि चिंचेखाली जाऊन झोपले. बाकीच्यांनी आपलं आपलं उरकलं. त्याला पुन्हा कुणी हाक मारली नाही.

तो माझ्याशेजारी येऊन बसला, घामानं निथळत. “इमानात सरकार न्हाई म्हणतंय, दाजी. हितं माझं मलाच म्हणावं लागतंय.” मग हसला. “आजचं बारावं झालं. जमलं.”

परतीला उमा आणि मी लातूरहून एसटीनं आलो. तिला अर्धं तिकीट, मला पूर्ण, आणि खिडकी तिला. या राज्यात न्याय आहे. निघण्याआधी हातगाडीवर निलंगा राईस खाल्ला, पिवळाजर्द आणि तिखट. मराठवाड्याला गेलात तर तो चुकवू नका आणि पाणी आधीच विकत घेऊन ठेवा.

घरी येऊन चार दिवस झाले. सासूबाईंनी प्लास्टिकच्या बाटलीत बांधून दिलेली आंबील फ्रिजमध्ये आहे. उमा म्हणते आता ती फारच आंबली, मी म्हणतो मीही. माझ्या जुन्या मताचं काय झालं, तर त्यातली गंमत मला अजून गंमतच वाटते. परदेशी विमानात ट्रॉली आली तर मी कदाचित घेईन. पण इथल्या तासाभरच्या उड्डाणात एका मुलीला कमी दाणे वेचावे लागतात आणि एका माणसाचं एक ‘न्हाई’ वाचतं, एवढ्यासाठी मी टोमॅटो चोखायला तयार आहे. नळीचं तेवढं बघा.

जुना लेख मी काढलेला नाही. तो माझ्या नावानं आहे, माझ्याच नावानं राहू दे. एकदा नाव लपवून झालं आहे. आज सकाळी फक्त त्याच्या खाली गेलो, टिप्पण्यांमध्ये बसवराजची शोधली, माझा अंगठा काढला आणि त्या जागी लिहिलं:

‘नको, बसवराज. ती पंचावन्न मिनिटं तशीच राहू देत. उत्तराला वर्ष लागलं. — दाजी’